मोठी फाइल सर्व्हरवर टाकताना कॉपी मध्येच तुटते, केबलही बदलून झाली. आता काय तपासू?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून: ५० जीबीची बॅकअप फाइल डेस्कटॉपवरून विंडोजच्या फाइल सर्व्हरवर टाकताय. सुरुवातीला सेकंदाला ११० एमबीचा स्पीड दिसतो, काही मिनिटांत तो घसरत शून्यावर येतो आणि शेवटी नेटवर्क नेम आता उपलब्ध नाही असा एरर येऊन कॉपी तुटते. छोट्या फाइल मात्र बिनबोभाट जातात.

आधी केबलचा पिच्छा सोडा. गिगाबिट लाइनवर हिशेबाने १२५ एमबी मिळायला हवेत, प्रत्यक्षात ११० ते ११८ पदरात पडतात. म्हणजे तुम्हाला सुरुवातीला पूर्ण वेग मिळतोय. केबल खराब असती तर चित्र वेगळं असतं. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी जोडी गेली की लिंक बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरते आणि मग पहिल्या सेकंदापासून ११-१२ एमबीच्या वर काटा हलत नाही.

माझा संशय सर्व्हरच्या डिस्कवर आहे. आलेला डेटा सर्व्हर आधी रॅममध्ये घेतो आणि मागून डिस्कवर उतरवतो. छोटी फाइल रॅममध्येच मावते, म्हणून ती झटकन गेल्यासारखी वाटते. ५० जीबी मावत नाहीत. रॅममधली जागा भरली की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो: वरून नळ पूर्ण सोडलाय आणि खाली मोरी तुंबलीय. सर्व्हर उत्तर द्यायला उशीर करतो, विंडोज साधारण ६० सेकंद वाट बघतं आणि मग कनेक्शन मेलं असं समजून तोडून टाकतं. एररमध्ये नेटवर्कचं नाव येतं ते असं. बिचारं नेटवर्क फुकट बदनाम होतं.

पण संशयावर डिस्क विकत घेऊ नका, आधी दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. नेटवर्कसाठी आयपर्फ३ वापरा. हा डिस्कला हात न लावता फक्त लाइन मोजतो. सर्व्हरवर तो सर्व्हर मोडमध्ये सुरू ठेवा, डेस्कटॉपवरून चालवा. नुसता चालवलात तर १० सेकंदांत थांबतो, आणि तुमचा त्रास तर काही मिनिटांनंतर सुरू होतो. म्हणून वेळ ३०० सेकंद द्या. शेवटपर्यंत ९४० मेगाबिटच्या (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी, म्हणजे साधारण ११७ एमबीच्या) आसपास राहिला तर केबल, स्विच, नेटवर्क कार्ड सगळे निर्दोष. मध्येच आपटला तर माझा अंदाज चुकला. मग स्विचचा पोर्ट बदला, कार्डचा ड्रायव्हर अपडेट करा आणि त्याच्या सेटिंगमधली वीज वाचवणारी ऑप्शन बंद करून बघा.

मग सर्व्हरवरच बसून तिथल्या तिथे एक मोठी फाइल कॉपी करा. फाइल सर्व्हरच्या रॅमपेक्षा मोठी हवी, नाहीतर तीच फसवणूक पुन्हा होईल. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आलेख उघडा ठेवा. अॅक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांना चिकटलाय आणि लिहिण्याचा वेग मात्र जेमतेम काही एमबी, असं दिसलं की चोर सापडला.

डिस्क इतकी मंद का, याची कारणं बरीच असतात. रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) असेल तर आधी त्याची बॅटरी बघा. ती मेली की बहुतेक कार्डं राइट कॅश (लिहायचा डेटा तात्पुरता ठेवणारी मेमरी) आपोआप बंद करतात आणि लिहिण्याचा वेग एकदम कोसळतो. कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सूचना पडलेली असते, पण तिकडे कोणी फिरकत नाही. दुसरं कारण एसएमआर डिस्क, म्हणजे डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिणारी. स्वस्तातल्या मोठ्या हार्डडिस्कमध्ये हे तंत्र सर्रास असतं. वाचायला त्या ठीक, पण सलग खूप लिहायला लावलं की त्यांचा आतला कॅश भरतो आणि वेग आटतो. मॉडेल नंबरवरून कळेल. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे संशयित भाग, दिसले तर मात्र बाकी सगळं सोडून आधी डेटा हलवा. अँटीव्हायरस किंवा त्याच वेळी चालणारा दुसरा बॅकअप हेही गुन्हेगार असतात, पण ते लगेच पकडले जातात.

तोवर आजचं काम अडलं असेल तर एक्सप्लोररमध्ये ओढून टाकण्याऐवजी रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) वापरा. आधी सोर्स फोल्डर, मग डेस्टिनेशन फोल्डर आणि फाइलचं नाव तिसरं, वेगळं. सोर्सच्या पाथलाच फाइलचं नाव जोडलं की एरर येतो आणि लोक तिथेच वैतागतात. /झेड (/Z) लावलंत तर तुटलेली कॉपी पुढून सुरू होते. वेग थोडा कमी होतो, तुमच्या बाबतीत ते उलट बरंच. /आर:५ (/R:5, पाचच वेळा पुन्हा प्रयत्न) आणि /डब्ल्यू:३० (/W:30, मध्ये ३० सेकंद थांबणं) सुद्धा द्या, कारण काहीच दिलं नाही तर रोबोकॉपी १० लाख वेळा प्रयत्न करत बसतो. फाइलचे तुकडे करून पाठवायचा सल्लाही मिळेल. चालतं ते, पण डिस्कचं दुखणं झाकलं जातं.

कॉपी पूर्ण झाली की दोन्हीकडे सर्टयुटिल (certutil) या विंडोजच्या कमांडने एसएचए२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढून ताडून बघा, विशेषतः ती मध्ये तुटून पुन्हा जोडली असेल तर. आयपर्फचा आकडा आणि डिस्कचं मॉडेल इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.