इंग्लंडमध्ये 12 घरांच्या प्रकल्पासाठी जैवविविधतेची कायद्याने लागणारी 10 टक्के वाढ कशी दाखवायची?

नकाशा पक्का करण्याआधी इकॉलॉजिस्ट नेमा. अधिवासाची पाहणी एप्रिल ते सप्टेंबरमध्ये करून घ्या. हिवाळ्यात गवताळ जमिनीचा दर्जा नीट ठरवता येत नाही. मग सरकारी मेट्रिकमध्ये, म्हणजे अधिवासाचं मूल्य ‘युनिट’मध्ये मोजणाऱ्या गणनपत्रकात, आकडे भरायचे.

बहुतेकांची चूक इथेच होते. क्षेत्र, कुंपणझुडपं आणि जलप्रवाह यांची युनिट वेगळी मोजतात आणि जे जागेवर आहे त्या प्रत्येकात 10 टक्के वाढ लागते. कुंपणझुडपांची तूट कुरण लावून भरत नाही. काही कौन्सिल जास्तही मागतात, गिल्डफर्ड 20 टक्के, म्हणून स्थानिक आराखडा आधी वाचा. ‘आधी झाडं तोडू, मग मोजू’ ही युक्तीही चालत नाही: 30 जानेवारी 2020 नंतर परवानगीविना मुद्दाम केलेली नासधूस असेल, तर त्याआधीची स्थिती धरतात.

वाढ शक्यतो जागेवरच बसवा. घरमालकांच्या खासगी बागांवर मात्र भिस्त ठेवू नका, त्यांची देखभाल तुमच्या हातात राहत नाही. उरलेली युनिट नोंदणीकृत बाहेरच्या जागेवरून विकत घ्या. सरकारकडून क्रेडिट विकत घेणं हा शेवटचा आणि महागडा पर्याय, कारण एका युनिटच्या तुटीला दोन क्रेडिट लागतात.

परवानगी मिळाली म्हणजे लगेच खोदकाम नव्हे. आधी बायोडायव्हर्सिटी गेन प्लॅन, म्हणजे ही वाढ कशी साधणार त्याचा आराखडा, मंजूर हवा. त्याला कौन्सिल साधारण 8 आठवडे घेते. बाहेरच्या जागेची देखभाल 30 वर्षं, तीही कायदेशीर कराराने बांधलेली. त्या कराराचा मसुदा लवकर हाती घ्या, बहुतेकदा वकिलांकडेच अडकतो.