लेकीचे झेब्राफिश आणि आपली आंबील

प्रश्न : माझी लेक फिशरीज शिकते. तिच्या लॅबमध्ये झेब्राफिशला प्रोबायोटिक म्हणून दह्यातल्यासारखे बॅक्टेरिया खायला घालतात म्हणे. माशाच्या पोटाचा नि आपल्या पोटाचा काय संबंध? आणि घरच्या टँकमध्ये मी चमचाभर दही घातलं तर चालेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, आधी टँकचं सांगतो. दही अजिबात घालू नका. ते पाण्यात कुजतं, अमोनिया वाढतो, ऑक्सिजन कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडमीट करायला लागतात. लॅबमध्ये लॅक्टोबॅसिलससारखे ठरावीक बॅक्टेरिया मोजून खाद्यात मिसळतात, दही नाही ओतत.

आता संबंध. हा तीन-चार सेंटिमीटरचा निळ्या पट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. त्याला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. तरी २०१३ साली त्याचा जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा आराखडा, छापून आला तेव्हा माणसाच्या साधारण ७० टक्के जीन्सचे भाईबंद त्याच्यात सापडले. शिवाय पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं, म्हणजे चमकणारे बॅक्टेरिया सोडले की ते आतड्यात कुठे बसले, कुठे सरकले ते जिवंत पिल्लात मायक्रोस्कोपखाली बघता येतं, पोट फाडायला नको. २००४ साली अमेरिकेत अशी पिल्लं जंतूंशिवाय वाढवून बघितली तर त्यांच्या आतड्याच्या अस्तरात नव्या पेशी कमी तयार होत होत्या. मला तर हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, जंतू नसले तर आतडं नीट घडतच नाही.

प्रीबायोटिक म्हणजे त्या जंतूंचं खाणं. इन्युलिन नावाचा फायबर हा त्यातलाच एक, आपल्या कांद्या-लसणीत असतो.

पण मासा २८ डिग्रीच्या पाण्यात राहतो, आपलं पोट ३७ डिग्रीचं. त्याला लागू पडलेला बॅक्टेरिया आपल्याला लागू पडेलच असं नाही, म्हणून माशावरचा प्रयोग वाचून मेडिकलमधून प्रोबायोटिकच्या पुड्या आणू नका, डॉक्टरला विचारा.

घरात आंबील करताच ना? रात्री भिजवलेलं नाचणीचं पीठ आंबतं खरं, पण सकाळी रटरट शिजवलं की त्यातले जंतू मरतात, नाचणीचा फायबर तेवढा राहतो आणि तो पोटातल्या जंतूंच्या कामी येतो. जिवंत जंतू हवे असतील तर घरचं ताजं ताक घाला, पण आंबील पूर्ण गार झाल्यावर, वाफ निघत असताना नको.