पहिला नकाशा करताना

भावा, विकिपीडियासाठी नकाशे करायची हौस चांगली आहे, पण सुरुवातीलाच कोल्हापूर जिल्ह्याचे बाराही तालुके अंगावर घेऊ नकोस. कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाची चित्रं-नकाशे ठेवतात त्या साईटवर, आधीच असलेला एखादा नकाशा उघड आणि त्यातली चूक दुरुस्त कर. हात तिथंच बसतो.

नवखे सगळ्यात जास्त अडकतात ते गूगल मॅप्सवर. त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही, त्यावरून रेघा गिरवलेल्याही चालत नाहीत; फाईल उडवतात. ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा, वापर आणि फाईलच्या वर्णनात त्याचं श्रेय आठवणीनं लिही.

मग नद्या. पंचगंगा हे नाव प्रयाग चिखलीपासून खाली, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत. वरच्या अंगाला भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी अशी ज्याची त्याची नावं पाहिजेत. राधानगरीजवळच्या रेघेवर ‘पंचगंगा’ लिहिलंस तर आपल्याच गावचं कोणीतरी चर्चापानावर धरणार, आणि बरोबरच आहे!

बाकी थोडक्यात:

- फाईल एसव्हीजी ठेव, म्हणजे कितीही मोठी केली तरी रेघा फाटत नाहीत. ती करायचं सॉफ्टवेअर, इंकस्केप, फुकट मिळतं.
- गावांची नावं मजकूर म्हणूनच राहू देत, त्यांचे आकार करू नकोस. एकदा आकार झाले की दुसऱ्या भाषेतला माणूस ती बदलू शकत नाही, त्याला सगळं पुन्हा लिहावं लागतं.
- जुन्या फाईलवर किरकोळ दुरुस्तीच चढव. मोठा बदल असेल तर वेगळी फाईल.

प्रक्षेपण, उंचीच्या छटा, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, हे सगळं सध्या राहू दे. आधी चुकीच्या जागी पडलेलं एखादं गाव हलव आणि मला दाखव.