पोस्टमॉर्टेम फक्त पोलीस केसमध्येच कामाचं असतं का?

नाही. पोलीस केसमधलं शवविच्छेदन वेगळं. त्याला नातेवाइकांची संमती लागत नाही. आजार नेमका काय होता हे कळावं म्हणून रुग्णालय जे करतं, त्याला लागते. आपल्याकडे हा दुसरा प्रकार फारच कमी होतो, आणि माझ्या मते तोटा तिथेच आहे.

याचं उदाहरण सोव्हिएत रशियातलं. एप्रिल १९७९ मध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात माणसं ताप येऊन पटापट दगावू लागली. सरकार म्हणालं, दूषित मांस खाल्ल्याने अँथ्रॅक्स (जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार) झाला. पण फाइना अब्रामोवा या पॅथॉलॉजिस्टबाईंनी पहिल्याच शवविच्छेदनांपैकी एकात कवटी उघडली, तर मेंदूवर रक्तस्रावाची लालभडक टोपीच चढलेली. पुढच्या मृतदेहांत दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या लसिका ग्रंथी सुजून रक्ताळलेल्या दिसल्या. जंतू पोटातून नव्हे, श्वासावाटे गेल्याची ही खूण. केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर खात्याने रुग्णांची कागदपत्रं उचलून नेली, पण अब्रामोवा आणि त्यांचे सहकारी लेव ग्रिनबर्ग यांनी ऊतींचे नमुने आणि नोंदी शिताफीने जपून ठेवल्या. ४२ शवविच्छेदनांचा तो अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. जंतू लष्करी केंद्रातून हवेत सुटले होते, हे रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी त्याच्या आदल्या वर्षी मान्य केलं होतं.

सीटी स्कॅनने आता बरंच दिसतं, हे खरं. पण जंतू कुठल्या वाटेने शिरला हे ठरवायला अजूनही बऱ्याचदा ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरावाच लागतो.