अर्पानेटवर टीसीपी-आयपी सुरुवातीपासूनच होता का?

नाही, अर्पानेट (इंटरनेटचं पूर्वज असलेलं अमेरिकी संगणक-जाळं) टीसीपी-आयपीवर, म्हणजे आजही इंटरनेट ज्यांवर चालतं त्या नियमांवर, आलं ते १ जानेवारी १९८३ रोजी. त्याआधी तिथे एनसीपी नावाचा प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) चालायचा. एनसीपी एक गोष्ट गृहीत धरून चालायचा: खालचं जाळं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी बसवलेली, माहिती पुढे धाडणारी आयएमपी यंत्रं, पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) न हरवता पोचवणारच. एकाच जाळ्यात हे खपून गेलं. पण रेडिओ आणि उपग्रहाची जाळी जोडायची म्हटल्यावर पॅकेटं वाटेत गळणार हे उघड होतं. म्हणून टीसीपीची रचना मांडताना विंट सर्फ आणि बॉब कान या संगणकतज्ज्ञांनी १९७४ मध्ये ती जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांवर टाकली: पोच आली नाही, तर पाठवणाऱ्याने पॅकेट पुन्हा पाठवायचं. माझ्या मते खरी क्रांती हीच, कारण आता मधलं जाळं कसंही असलं तरी चालणार होतं. बदलाचं वेळापत्रक जॉन पोस्टेल यांच्या नोव्हेंबर १९८१ च्या आरएफसी ८०१ या तांत्रिक टिपणात आहे. मुळातून जरूर वाचा. फक्त एक लक्षात घ्या: अर्पानेटवरचा २९ ऑक्टोबर १९६९ चा पहिला संदेश (‘लॉगिन’मधली ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरं पोचली) एनसीपीवरूनही गेला नव्हता, एनसीपी पुढे १९७० च्या अखेरीस तयार झाला.