कंपनीत ट्रेनिंग ठेवलं की सगळे टाळतात. ही मानसिकता कशी बदलायची?

तुम्ही लिहिलंय की खेडजवळच्या लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एचआरला नवीन लागलात, ट्रेनिंग ठेवलं की कामगार टाळतात आणि सुपरवायझर माणसं सोडत नाहीत.

याच एमआयडीसीत मी 17 वर्षं शिफ्टमध्ये काढली, दोन कंपन्यांत. माणसं दोन्हीकडे खेड-चिपळूणचीच, पण ट्रेनिंगकडे बघायची तऱ्हा पार वेगळी. म्हणून माझं मत आहे की कामगाराची मानसिकता शोधत बसू नका, ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये काय होतं ते बघा.

पहिल्या कंपनीत ट्रेनिंग असायचं फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, दुपारी तीनला, कॅन्टीनमध्ये. आठ तास राबून आलेली माणसं, बाहेर उभी असलेली बस, आणि भिंतीवर इंग्रजी स्लाइड. रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या, की सगळ्यांचं लक्ष दाराकडे. ऑडिटला ते रजिस्टर दाखवायचं, एवढाच उपयोग. त्यात कुणाच्या हातून चूक झाली की 'याला ट्रेनिंगला बसवा' असा हुकूम निघायचा. मग यादीत नाव आलं की बाकीचे विचारणारच, "काय रे, काय केलंस?"

तरी इथवर एक वेळ चाललं असतं. एका सकाळी मात्र सगळंच संपलं. आदल्या दिवशी शिकवलं होतं की रिॲक्टरमध्ये, म्हणजे रसायनं बनवायच्या मोठ्या बंद टाकीत, उतरण्याआधी आतला ऑक्सिजन मीटरने मोजायचा, 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कुणी उतरायचं नाही. आत राहिलेल्या नायट्रोजनला ना रंग ना वास. आत गेलेल्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. मॅनहोल उघडलं होतं. ठेकेदाराकडे कामाला असलेला एक पोरगा, जेमतेम विशीतला, हातात दोर धरून म्हणाला, "साहेब, मीटर लावला का?" सुपरवायझर सगळ्यांसमोर त्याच्यावर खेकसला, "काल दोन तास बसलास आणि आज मला शिकवतोस?"

आम्ही आठ-दहा जण होतो. कुणी बोललं नाही, मीही नाही. मीटर न लावताच माणूस उतरला. नशिबाने तो धड वर आला. पण त्यानंतर तिथे मीटरचं नाव कुणी काढलेलं मी ऐकलं नाही.

त्या पोराने आगाऊपणा केला नव्हता. भोपाळच्या 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाने अधिनियमात कलम 111अ घातलं गेलं आणि सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. आमच्याकडे मात्र ते मालकाने केलेले उपकार किंवा झालेल्या चुकीची शिक्षा, या दोनच रूपांत पोचलं. याची मला आजही चीड येते.

दुसऱ्या कंपनीत प्लांट मॅनेजर स्वतः पहिल्या बाकावर येऊन बसायचे. ट्रेनिंग शिफ्टच्याच वेळेत, मराठीत, यूपी-बिहारच्या पोरांसाठी वेगळं हिंदीत, आणि बरंचसं प्रत्यक्ष रिॲक्टरपाशी. तिथेही एका हेल्परने मीटरवर बोट ठेवलं. बघितलं तर कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर बरोबर आकडा दाखवतो का ते तपासायची, तारीख उलटलेली. दुसरा मीटर येईपर्यंत काम पाऊण तास थांबलं. दुसऱ्या दिवशी टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधी सुरक्षेवर होणाऱ्या छोट्या बैठकीत, मॅनेजरांनी त्यालाच पुढे बोलावून काय दिसलं ते सांगायला लावलं. तो अडखळत दोन मिनिटं बोलला. त्या महिन्यात आत उतरायचं परमिट घेताना मीटरवरचं तारखेचं स्टिकर वाचणारे चार-पाच जण तरी मी पाहिले.

सुपरवायझरचं म्हणाल, तर त्याला रोज एकच विचारतात, बॅच, म्हणजे मालाचे घाणे, किती निघाल्या? माणसं तुम्हाला दिली आणि बॅच लांबली तर बोलणी तोच खातो. ट्रेनिंगचे तास टार्गेटमधून वजा करून घ्या, वरिष्ठांकडून लेखी. नाहीतर तो माणसं सोडणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

'शिकवलं की पोरं आखातात पळतात' हेही ऐकाल. जाणारे पगारासाठी जातात, शिकवलं नाही तरी जातात.

तारीख ठरवताना भातलावणीचे दिवस आणि गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा. तेव्हा अर्ध्या प्लांटचं मन घरी असतं.