‘ह्यांच्या जिवाचे पैसे कसे घेऊ?’

“ताई, पैसे घेतले म्हणजे मी ह्यांच्या जिवाची किंमत केली असं होईल ना?”

ड्यूटीवर नवरा गमावलेल्या ज्या बायका माझ्याकडे सल्ल्याला येतात, त्या हा प्रश्न आडून आडून विचारतात. हिने मात्र पहिल्याच भेटीत विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी फायरमन. नोकरी तीन वर्षांची, पगार अठरा हजार, पदरात चार वर्षांची मुलगी. सॉल्व्हंटची आग विझवताना तो गेला, त्याला पाच महिने झाले होते. ठेकेदार म्हणत होता, “कंत्राटी माणसाला काही मिळत नसतं. एवढी रोकड घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही करा.” सासूबाई म्हणत होत्या, “माझ्या पोराच्या राखेवर पैसे मोजायचे नाहीत.”

पहिल्या दोन भेटींत मी तिचं फक्त ऐकलं. एवढंच बजावलं, त्या कागदावर सही करू नकोस.

१९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर १४ एप्रिलला कारखान्यात मानवंदना असे. आदल्या रात्री हा बूट घासत बसायचा. हे सांगताना ती म्हणाली, “मेलेल्यांना सलाम करणारी माणसं ना ही? मग आता कुणी फोनसुद्धा का उचलत नाही?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसऱ्या भेटीत तिने एक कॅरीबॅग आणली. आत त्याची शिट्टी, ओळखपत्र आणि घड्या पडलेल्या पगाराच्या स्लिपा. एका स्लिपवर मी बोट ठेवलं. पीएफ कपात. खाली ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची कपात.

“हे कुणाचे पैसे?”

“ह्यांचेच. दर महिन्याला कुरकुरायचे, हातात काही येत नाही म्हणून.” ती हसली, आणि मग खूप रडली.

ठेकेदाराचं म्हणणं त्या दोन ओळींनीच खोटं पाडलं होतं. ईएसआय असलेला कामगार कामावरच्या अपघातात गेला, तर त्याच्या सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के दराने अवलंबितांना दरमहा पैसे मिळत राहतात. नोकरी कंत्राटी होती की किती दिवसांची होती, याने फरक पडत नाही. त्यातले तीन पंचमांश पत्नीचे, दोन पंचमांश मुलीचे. पीएफ खात्यामुळे विधवा पेन्शन आणि ७ लाखांपर्यंतचा विमा, शिवाय ग्रॅच्युइटी. एरवी ग्रॅच्युइटीला सहसा पाच वर्षांची नोकरी लागते, मृत्यू झाल्यास ती अट नाही.

सासूबाईंना मी वेगळं भेटले. राख हा शब्द त्यांनी पुन्हा काढलाच नाही. बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या, मग म्हणाल्या, “ही पैसे घेऊन माहेरी गेली तर नात दिसायची नाही मला.” घरात पैशावरून अबोला असतो तेव्हा खाली बहुधा अशीच एखादी भीती दडलेली असते, असं मला वर्षानुवर्षांच्या कामातून वाटतं. नातीचा हिस्सा तिच्या स्वतःच्या हक्काचा आहे, हे मी त्यांना सांगितलं. नातीला भेटण्याचं मात्र त्या दोघींनीच समोरासमोर बोलायला हवं होतं. त्या बोलल्या. दोन भेटी लागल्या, एकदा आवाजही चढले.

ईएसआयच्या कार्यालयात तिघी गेलो. मयताशी नातं लिहायच्या जागी तिचा हात थांबला. सासूबाईंनी चष्मा लावला, तिच्या खांद्यावरून वाकून कागद पाहिला आणि म्हणाल्या, “लिही. पत्नी लिही.”